नाव विचारायचं काम आईचं

आमच्या घरातल्या एकाही खोलीला बाहेरून लावायची कडी नव्हती. रस्त्यावरचं दार सोडलं तर बाकी सगळ्या दारांच्या बाहेरच्या कड्या आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या घरात राहायला आलो त्याच दिवशी स्क्रू काढून उतरवल्या आणि एका डब्यात घालून माळ्यावर ठेवल्या. घर नानपुऱ्यात होतं, भाड्याचं. मालक सुरती, तोंडाने जरा मोकळा माणूस. तो कड्यांच्या जागची भोकं बघून म्हणाला होता की जोगळेकरकाका, चोर आव्यो तो कोठीमा केम पूरशो, चोर आला तर त्याला कोंडणार कसं? आप्पा नुसते हसले. न्हाणीघराला आतून कडी होती, तेवढी पुरे म्हणाले. मांजर स्वयंपाकघरात शिरायचं, दूध सांडायचं, आई चिडायची, पण कडी काही परत लागली नाही. आई दाराला पाटा टेकवून ठेवायची.

हे मी आधी सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. मला गोष्टी क्रमाने सांगायची सवय आहे. तुमचे आजोबा म्हणायचे, तू साधा भाजीबाजार सांगायला बसलीस तरी आधी पिशवी सांगतेस. ईशान, मीरा, मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत की पणजोबा खरंच जेलर होते का, आणि तुम्ही बघता त्या मालिकेतल्यासारखे होते का. मी म्हणाले, लिहून पाठवते. फोनवर त्याचं उत्तर हो किंवा नाही असं झालं असतं, आणि दोन्ही खोटं ठरलं असतं.

आप्पा जेलर होते, हे खरं. जुन्या मुंबई राज्यातल्या तुरुंगांत त्यांची नोकरी झाली. गावांची नावं मुद्दाम लिहीत नाही. मी शाळेत असतानाच त्यांनी ती नोकरी मुदतीआधी सोडली. मग सुरतेला पांडेसऱ्यात एका कापड रंगवायच्या मिलमध्ये ते टाइमकीपर म्हणून लागले. का सोडली ते घरात कोणी बोलत नसे. आप्पा नोकरीतल्या गोष्टीही सांगत नसत. त्यांच्या काही सवयी मात्र होत्या आणि आम्हाला त्या सगळ्या घरांत असतात तशाच वाटायच्या. अॅल्युमिनियमचं भांडं घरात नव्हतं. जेवताना कोणी उभं राहून वाढलेलं त्यांना चालत नसे, वाढणाऱ्यानेही बसूनच वाढायचं. आणि ते कोणालाही नावाने हाक मारत नसत. मी बाळ, आई अहो, मालक शेठ, समोरचे शिक्षक मास्तर. नवीन माणूस घरी आला की आप्पा पाण्याचा तांब्या पुढे करायचे आणि आईकडे बघायचे. नाव विचारायचं काम आईचं.

आमच्या गल्लीत जरीचं काम चालायचं. दिवसभर यंत्रांची एकसारखी घरघर यायची, इतकी सवयीची की रविवारी ती थांबली की काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं. त्या शांततेत रामदास पाटलांची सायकल वाजायची. रामदास मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. मूळचे खानदेशातले, राहायला डिंडोलीला. तिशीच्या आतबाहेरचे, उंच, बोलताना सगळं अंग हलायचं. दर रविवारी ते आमच्याकडे यायचे. त्यांची बायको सुमन ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या फडक्यात बांधून द्यायची, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. थंडीत येताना ते तापीकाठच्या माणसाकडून गरम पोंक आणायचे. ज्वारीचे ते कोवळे भाजलेले दाणे, लिंबू-मिऱ्याची शेव टाकून. आप्पा आणि ते ओटीवर बसून खायचे. आप्पा बोलायचे कमी, रामदास बोलायचे दोघांच्या वाटचं. आप्पांना ते काका म्हणायचे. आई म्हणायची, यांना सुरतेत एक तरी माणूस मिळाला. आणि आप्पा त्यांना पाटील म्हणायचे, पण असं म्हणायचे की ते घरातलं लाडाचं नाव असावं असं वाटायचं.

मी तेव्हा कॉलेजात होते. इंग्रजी विषय घेतला होता, कादंबऱ्या वाचायचे आणि मैत्रिणींबरोबर दुपारचे सिनेमे बघायचे. त्या काळच्या सिनेमांत तुरुंग फार असायचे. निरपराध नायक आत जायचा, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे घालून दगड फोडायचा, एक दुष्ट जेलर त्याला खांबाला बांधून चाबकाने फोडायचा आणि दुसरा एक चांगला जेलर शेवटी टोपी काढून म्हणायचा की मला तुझी माफी मागायची आहे. माझ्या मनात प्रश्नच नव्हता. आप्पा दुसरे. माझ्या मैत्रिणी विचारायच्या तेव्हा मी तसंच सांगायचे. जो माणूस घरात मांजर कोंडत नाही, तो दुसरा नसेल तर कोण असेल?

त्या थंडीत मिलचा बॉयलर बिघडला आणि काम काही दिवस बंद राहिलं. त्याच सुमारास मुंबईची एक सिनेमा कंपनी सुरतेत आली होती. नदीकडच्या एका जुन्या रिकाम्या गोदामात त्यांनी तुरुंग उभारला होता, आणि कैदी म्हणून उभे राहायला माणसं हवी होती. रोजी आणि जेवण मिळणार म्हटल्यावर डिंडोलीची निम्मी माणसं गेली. रामदास सगळ्यांत पुढे. पहिल्याच दिवशी संध्याकाळी ते हसत हसत आमच्याकडे सांगायला आले. कैद्यांच्या जेवणाचा प्रसंग होता. सगळ्यांना ओळीने बसवलं, ताटल्यांत आमटी-भाकरी वाढली आणि दिग्दर्शक ओरडला की सुरू करा. पण ही आपली माणसं. शेवटच्याला वाढून होईपर्यंत कोणी घास उचलीना. एका म्हाताऱ्याने तर ताटाभोवती पाणी फिरवलं. दिग्दर्शक डोकं धरून म्हणाला, भाई, ये जेल है, शादी नहीं है. पुन्हा केलं. पुन्हा तेच. शेवटी शेजारच्याला वाढायच्या आधी जो खाईल त्याला जादा चहा, असं सांगावं लागलं, तेव्हा कुठे जमलं.

मी आणि आई खूप हसलो. आप्पाही हसले, पण मग म्हणाले, तिथे कोणी थांबत नाही, थांबलेल्याचं जातं. तेवढं ऐकून रामदास ताठ बसले. म्हणाले, काका, तुम्ही या ना. मी त्यांना सांगितलंय, आमचे काका जेलर होते. ते म्हणाले, घेऊन या, सगळं चुकतंय आमचं.

आई लगेच नको म्हणाली. कधी नव्हे ते इतक्या लगेच. मी मात्र मागे लागले. मला शूटिंग बघायचं होतं आणि खरं सांगायचं तर आप्पांना खुर्ची दिलेली, त्यांचं ऐकून घेतलेलं बघायचं होतं. रामदासांनी आणि मी मिळून त्यांना उठवलंच.

गोदामात चुन्याचा आणि ताज्या रंगाचा वास होता. दगडी भिंती लाकडाच्या होत्या, बोट लावलं की पोकळ वाजायच्या. दुष्ट जेलरचं काम करणारा नट पडद्यावर मी कितीदा तरी पाहिलेला, प्रत्यक्षात अगदी गरीब स्वभावाचा माणूस. बिनसाखरेचा चहा पीत होता. मला बेटी म्हणून स्वतःची खुर्ची दिली. त्याच्या हातातला चाबूक सुताचा होता, वर काळा रंग. तो रामदासांच्या पाठीवर मारायचा आणि रामदास असे काही विव्हळायचे की बाकीच्या कैद्यांना हसू आवरत नसे. पाठीवर लाल रंगाचे वळ आधीच काढून ठेवले होते. दिग्दर्शक कंटाळला होता. नट स्वतःच आप्पांकडे आला आणि म्हणाला, अंकल, जमत नाही. तुम्ही कसं मारायचात ते दाखवा.

आप्पा म्हणाले, आम्ही मारत नव्हतो.

मी अभिमानाने सगळ्यांकडे बघितलं. नट बिचारा निराश झाला. त्याने साधा प्रश्न विचारला, "फिर डरते कैसे थे?"

 मला वाटलं आता ते नमस्कार करून निघतील. पण त्यांनी सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावलं. ते बटण ते कधीच लावत नसत. एक स्टूल मागून घेतलं, त्यावर बसले आणि रामदासांना समोर बोलावलं. रामदास हसत हसत आले आणि मांडी घालून बसले. आप्पा म्हणाले, असं नाही. रामदास उकिडवे बसले. हात गुडघ्यांवर नाही, पुढे, जमिनीवर. तसे बसले.

"नाव?" आप्पांनी विचारलं.

"घ्या. काकाच विचारताय्‌ नाव," रामदास मागे वळून मित्रांना म्हणाले आणि सगळे हसले. आप्पांनी चष्मा काढून पुसला. हसणं संपेपर्यंत पुसत राहिले. मग पुन्हा म्हणाले, "नाव?"

"रामदास झिपरू पाटील."

आप्पा रामदासांकडे बघत नव्हते. त्यांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होते. "नाव?"

रामदासांनी या वेळी गाव जोडलं. मग तालुका. मग जरा मोठ्याने सांगितलं, काकांना ऐकू आलं नसेल म्हणून. मग हळू. आप्पांचा आवाज काही चढला नाही, उतरला नाही. रागही नव्हता त्यात. पोस्टाच्या खिडकीत माणूस जसं पुढचा म्हणतो, तसं. नाव. माझ्या शेजारी कोणीतरी खोकलं आणि थांबलं. रामदासांनी आडनाव सोडून पाहिलं. नुसतं रामदास. ते चुकलं असेल म्हणून वडिलांचं नाव आधी घातलं. पायाला रग लागल्यावर त्यांनी जरा टाच हलवली, तेव्हा आप्पांनी नुसती नजर खाली आणून टाचेवर ठेवली. टाच जागच्या जागी गेली. मी रामदासांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचं हसू कधी गेलं ते मला सांगता येणार नाही. आधी ते विचार करत होते, बरोबर उत्तर शोधत होते. मग शोधायचं थांबले.

"नाव?"

"तुम्ही सांगाल ते, साहेब."

आप्पा म्हणाले, "एवढंच." गळ्याचं बटण काढलं आणि रामदासांना उठवायला हात पुढे केला. रामदास तो हात न धरता उठले आणि दोन्ही हात समोर बांधून, मान खाली घालून उभे राहिले. नाटक संपलंय हे त्यांना कळलेलं होतं. तरी तसेच उभे होते. नट सुताचा चाबूक मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याची गुंडाळी करत होता, उलगडत होता. दिग्दर्शक पहिला बोलला. म्हणाला, कमाल आहे, पण पब्लिकला यात दिसणार काय?

तेव्हा चाबूकच राहिला. पुढे तो सिनेमा सुरतेत लागला, मी मैत्रिणींबरोबर पाहिला. चाबूक चामड्यासारखा वाजत होता, आवाज त्यांनी नंतर घातला होता. बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या, पिटातली माणसं दुष्ट जेलरला शिव्या देत होती, आणि तो मेला तेव्हा शिट्ट्या वाजल्या. हे वाईट होतं असं मी म्हणत नाही. लोकांना अन्यायाचा राग येतो तो चांगलाच. मला एवढंच दिसलं की चाबकाखाली विव्हळणारा माणूस शेवटपर्यंत स्वतःचं नाव विसरला नव्हता. तुमच्या मालिकेतही मारामारी पुष्कळ असते असं तुम्ही म्हणालात.

त्या दिवशी आप्पा आणि मी घरी आलो. आई दारातच होती. तिने त्यांच्याकडे बघून विचारलं, "दाखवलंत?" ते हो म्हणाले आणि न्हाणीघरात गेले. पाणी बराच वेळ वाजत होतं. जेवायला पिठलं होतं. मी जेवता जेवता विचारलं, आप्पा, तुम्ही कोणाला कधी मारलं नाही ना? मला अजूनही तेच हवं होतं, एवढं तरी.

"नाही मारलं, बाळ," ते म्हणाले. "गरज पडायची नाही."

मग आईने सांगितलं. दुसऱ्या दिवशी, तांदूळ निवडताना, माझ्याकडे न बघता. एक म्हातारा कैदी बरीच वर्षं आप्पांच्या हाताखाली होता. त्याची सुटका झाली, मुलगा न्यायला आला. दाराबाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, बाबा, चला. म्हातारा हलेना. तो मागे वळून आप्पांकडे बघत उभा राहिला. आप्पा म्हणाले जा, तेव्हा तो दोन पावलं गेला आणि पुन्हा वळून उभा राहिला. मुलाने बापाचा दंड धरला तर बापाने तो सोडवून घेतला, परवानगी नव्हती म्हणून. शेवटी आप्पांना त्याच्याबरोबर एसटी स्टँडपर्यंत चालत जावं लागलं, दर थोड्या वेळाने चल म्हणत. मुलाने निघताना आप्पांचे आभार मानले. आप्पा तसेच घरी आले आणि जेवले नाहीत. नोकरी त्यानंतर सोडली. आई म्हणाली, नियमाबाहेर त्यांनी कधी काही केलं नाही गं, हेच तर आहे. आणि सूप झटकून उठली.

म्हणजे आप्पा सिनेमातले पहिले जेलर नव्हते आणि दुसरेही नव्हते. त्यांना बसवायला मला तिसरी जागा सापडत नव्हती. मी काही दिवस त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलले. त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी जरीची यंत्रं थांबली आणि सायकल वाजली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. बॉयलर दुरुस्त होऊन मिल सुरू झालेली होती. आप्पा ओटीवर बसायचे, पेपर वाचायचे, रस्त्यावर सायकल गेली की पान उलटायचे. आईने दोनदा पोंक मागवला, तो कोणी खाल्ला नाही. एका रात्री जेवताना आप्पा म्हणाले, पाटील मला साहेब म्हणतो. गेटवर दिसलो की हात बांधून उभा राहतो. बाकीचे त्याला हसतात, मिलमध्ये त्याचं नावच साहेबाचा कैदी पाडलंय. मी म्हटलं काका म्हण, तर तो म्हणाला, जी. आईने ताक वाढलं. 

नंतरच्या रविवारी सकाळी आप्पांनी धोतर बदललं आणि मला म्हणाले, बाळ, डिंडोलीला येतेस का? मी का गेले ते मला नीट सांगता येत नाही. त्यांचे गुडघे दुखायचे आणि बसमधून उतरताना कोणीतरी लागायचं, असं मी स्वतःला सांगितलं.

रामदासांचं घर पत्र्याच्या खोल्यांच्या ओळीत शेवटचं. बाहेर सुमन वांगी भाजत होती, भरताचा धूर येत होता. तिच्या पाठीला लागून तीनेक वर्षांची एक मुलगी राखेत रेघोट्या काढत होती. आम्हाला बघून सुमन लगबगीने उठली. "या ना काका, घरमा या, बठा," म्हणाली. रामदास आत खाटेवर पडलेले होते. ते उठून उभे राहिले, हात आपोआप समोर बांधले गेले. म्हणाले, या साहेब, खाटेवर बसा.

आप्पा खाटेवर बसले नाहीत. त्यांनी रामदासांचा खांदा दाबून त्यांना खाटेवर बसवलं. मग भिंतीचा आधार घेत समोरच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर ते उकिडवे बसले. गुडघे कडकन वाजले. हात पुढे, जमिनीवर. आणि म्हणाले, "पाटील, नाव विचार."

रामदासांना कळेना. सुमन दारात येऊन उभी राहिली, हातात वांगं, बोटं काळी. "काय चाली राह्यनं हाई?" तिने मला विचारलं.  तिच्या घरी पाहुणा म्हणून आलेला म्हातारा ब्राह्मण तिच्या नवऱ्यासमोर असा बसलेला. तिने घाईने पदर डोक्यावरून घेतला, जणू घरात काहीतरी अशुभ घडतंय.

"विचार," आप्पा म्हणाले.

"नाव?" रामदास अगदी हळू म्हणाले.

"वसंत भास्कर जोगळेकर."

आप्पांची मान खाली होती. पाठीचा कणा सदऱ्यातून दिसत होता. त्यांचं पूर्ण नाव त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.  रामदासांनी ओठ ओले केले आणि पुन्हा म्हणाले, "नाव?"

"वसंत भास्कर जोगळेकर."

रामदासांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं.  त्यांनी एकदा सुमनकडे बघितलं, एकदा आप्पांच्या जमिनीवर टेकलेल्या हातांकडे.  मग रामदास खाटेवरून उतरले आणि खाली, आप्पांच्या समोर, गुडघ्यांवर बसले.

"माले नही जमस, काका," ते म्हणाले.

आप्पांना उठता येईना. गुडघे धरले होते. रामदासांनी त्यांना काखेत हात घालून उचललं आणि खाटेवर ठेवलं, आणि हे करताना ते बोलायला लागले, आधीसारखे, सगळं अंग हलवत. या वयात असले धंदे कशाला करायचे, काकूंनी तुम्हाला सोडलंच कसं, सुमन, तेल आण गं, गुडघे चोळायला. सुमनने तेल आणलं, मग चहा, मग भरीत आणि कळण्याच्या भाकऱ्या. जेवण होईपर्यंत कोणी त्या गोष्टीबद्दल बोललं नाही, आणि पुढे कधीच बोललं नाही. रविवारी सायकल पुन्हा वाजायला लागली. आप्पा गेले तेव्हा त्यांना खांदा देणाऱ्यांत रामदास पुढे होते.

पण त्या दुपारचं एक राहिलं. भाकरी खाताना ती लहान मुलगी राखेचे हात घेऊन आत आली आणि आप्पांच्या गुडघ्याला टेकून त्यांच्याकडे बघत उभी राहिली. आप्पांनी तिला पाण्याचा पेला दिला. सवयीने माझ्याकडे बघितलं, आई तिथे नव्हती म्हणून. मी मुद्दाम गप्प बसले. तेव्हा त्यांनी घास गिळला आणि स्वतःच विचारलं, नाव काय तुझं?

"मंगल," ती म्हणाली. कोणी पुन्हा विचारलं नव्हतं, पण तिला ते सांगायला आवडलं असावं. खाटेभोवती फिरत ती सांगत राहिली, मन्हं नाव मंगल, मन्हं नाव मंगल. आप्पा हातातली भाकरी तशीच धरून ऐकत होते. आम्ही बस पकडायला निघालो तरी ती दारात उभी राहून आमच्या पाठीवर ते ओरडत होती.